मुक्या घड्याळाचे आईबाप

एकोणीसशे एकाहत्तर साल. फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे दहाला तीन मिनिटं कमी. आम्ही अकरा बायका पदर खोचून मांडणीसमोर उभ्या होतो.

मांडणीवर एकशेवीस घड्याळं होती. गजराची, गोल, डोक्यावर पितळी घंटी असलेली. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत, खिळ्यांच्या कारखान्याला लागून आमची पत्र्याची शेड होती आणि दारावर 'भूपाळी क्लॉक वर्क्स' अशी पाटी. आठवड्यात तयार झालेलं प्रत्येक घड्याळ शनिवारी दहाचा गजर लावून मांडणीवर ठेवायचं, असा टिळेकरसाहेबांचा नेम होता. त्याआधी एकही घड्याळ वाजू द्यायचं नाही. पहिला आवाज शनिवारी दहालाच निघाला पाहिजे. घंटा बसवणाऱ्या गोदाक्का मगदूम त्याला 'बारसं' म्हणायच्या.

"चला गं, कान झाका. लेकरं रडायला लागतील आता."

आणि लागलीच ती वाजायला लागली. आधी कोपऱ्यातलं एक, मग चार, मग सगळी. पत्रा थरथरायचा. खिळेवाल्यांच्या आवारातली कुत्री भुंकायला लागायची. त्या गोंगाटात आम्हांला एकच काम असायचं. प्रत्येकीने आपल्यासमोरच्या रांगेतल्या घड्याळांच्या घंट्यांना बोट लावत जायचं. थरथर लागली तर वाजतंय. बोटाला गार पितळ लागलं तर ते मुकं. मुकं उचलायचं आणि टेबलावर पालथं ठेवायचं.

त्या दिवशी माझ्या बोटाला गार पितळ फार वेळा लागलं.

गजर थांबले. कानांत कितीतरी वेळ घुमत राहिलं. टेबलाकडे बघायला कुणी धजत नव्हतं. साहेबांनी पालथी घड्याळं मोजली, पुन्हा मोजली, आणि खडू उचलून फळ्यावर लिहिलं : ३१.

मुकुंदराव टिळेकर म्हणजे आमचे मालक. पन्नाशीचे, उंच, घड्याळावर जीव टाकणारे. रागावले तर आवाज चढवायचे नाहीत, उलट हळू बोलायचे. त्या दिवशी ते इतकं हळू बोलले की आम्ही सगळ्या पुढे वाकलो.

"पुढच्या शनिवारी कोष्टीसर येणार आहेत. शिक्षण संस्थेचे चिटणीस. संस्थेच्या रौप्यमहोत्सवात प्रत्येक शिक्षकाला एक भूपाळी द्यायची आहे त्यांना. नऊशे घड्याळं. पहिली एकशेवीस त्यांच्यासमोर वाजणार. पाचाच्या वर मुकी निघाली तर ते काम मुंबईला जाणार." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तसं झालं तर मी हा कारखाना बंद करणार आहे. मला परवडत नाही, बायांनो."

त्यांच्या मागे तो फळा होता. दिवाळीच्या आधी साहेब पुण्याला लघुउद्योजकांच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेले होते, आणि तिथून एक नवा विचार घेऊन आले होते. आल्या आल्या त्यांनी पेंटर बोलावून फळ्याच्या माथ्यावर तैलरंगात लिहून घेतलं होतं : 'यश सर्वांचे, चूक सर्वांची.' खाली दोन रकाने. 'मुकी घड्याळे' आणि 'जबाबदार'. पहिल्यात दर शनिवारी खडूने आकडा यायचा. दुसऱ्यात पेंटरने कायमचं लिहून ठेवलं होतं : 'आपण सर्व'.

"आता सांगा," साहेब म्हणाले, "कशामुळे?"

"स्प्रिंग कच्ची येतीय," गोदाक्का म्हणाल्या.

हमीदा नदाफ स्प्रिंगच्या टेबलावर बसायची. ती उसळली. "अल्लाची शप्पथ, माझ्याकडनं घड्याळ जातं ते ठणठणीत! तुमची हातोडीच घंटीला चिकटून बसती, अक्का."

"माझी हातोडी? आगं, माझी हातोडी बघून हळकुंड फोडावं वाटंल, इतकी सरळ!"

"रंग ओला राहत असेल," कुणीतरी मागून म्हणालं. तबकडी आणि डबी पुसून रंगवणारी शैला खाडिलकर नवी लग्न झालेली, बोलायला भिणारी. ती रडवेली होऊन म्हणाली, "रंगाचा न् गजराचा काय संबंध हो?"

"चूक सर्वांची आहे," साहेब फळ्याकडे हात करून म्हणाले. "कुणी कुणाला बोलू नका. सर्वांनी आणखी लक्ष द्या."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मॅट्रिक झालेली, आष्ट्याहून येऊन मावशीकडे राहिलेली. तपासणीच्या टेबलावर बसायचे, म्हणजे काटे सरळ आहेत का, टिकटिक बरोबर आहे का ते बघायचं आणि चिठ्ठीवर क्रमांक घालायचा. वडिलांनी मोठ्या मिनतवारीने नोकरीला सोडलं होतं. कारखाना बंद झाला की मी आष्ट्याला परत जाणार आणि पुन्हा एकटीने एसटीत बसणार नाही, हे मला दहा बोटांइतकं ठाऊक होतं. मला तो कारखाना आवडायचा. ते बारसं आवडायचं. त्या गोंगाटात बोटाला लागणारी थरथर मला अजून या वयातही आठवते.

तोंडातून निघून गेलं. "साहेब, आपण सर्व म्हणजे कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे, आज एकतीस मुकी निघाली. घरी जाऊन रात्री कुणाला झोप येणार नाही? आपण सर्वांना?"

गोदाक्का खुदकन हसल्या. "मला तर यील बाई. दिवसभर उभी असती मी."

"तेच म्हणतेय मी. सगळ्यांची आहे ना, मग प्रत्येकीला वाटतं दुसरी बघेल. तिथे एकाचं नाव लिहा."

साहेबांनी खडू माझ्यापुढे धरला. "कुणाचं लिहू?"

हमीदा खाली बघायला लागली. शैला दारामागे सरकली. गोदाक्का वर बघून छताचे पत्रे मोजत होत्या. खडू माझ्या नाकासमोर तसाच.

"माझं लिहा," मी म्हणाले.

"प्रमिला आवटी," साहेब हळू म्हणाले, "पुढच्या शनिवारी सहावं घड्याळ मुकं निघालं तर बाकीच्यांना मी महिनाभर दुसरीकडे काम बघायला वेळ देईन. तुला नाही. ज्याचं नाव, तो आधी जातो. चालेल?"

"चालेल. पण मग हा आठवडा सगळ्यांनी माझं ऐकायचं."

"मी सांगेन तसं ऐकतील सगळ्या."

"तुम्हीपण, साहेब."

हमीदाने तोंडाला पदर लावला. साहेबांच्या भुवया वर गेल्या त्या खाली यायलाच तयार नव्हत्या. पण त्यांनी ओल्या फडक्याने 'आपण सर्व' पुसायला घेतलं. ते तैलरंगात होतं, पुसेना. शेवटी त्यावरच खडूने जाड अक्षरांत माझं नाव लिहिलं.

सोमवारी गेले तर गोदाक्का दारात वाट अडवून उभ्या. "या, नव्या मालकीणबाई! हुकूम?"

"अक्का, मस्करी नको. मला मदत करा."

"करत्ये की. सांग तर आधी काय करायचं."

तेच तर मला ठाऊक नव्हतं. मी एकतीसच्या एकतीस मुकी घड्याळं उघडायला बसले. पहिलं उघडलं. हातोडी मोकळी, घंटी घट्ट, रंग कोरडा. पण गजराची किल्ली फिरवावी तर नुसती फिरतच राहायची, पीळ लागतच नव्हता. आत बघितलं तर स्प्रिंगचं आतलं टोक आकड्यावरून निसटून मोडलेलं. दुसऱ्यातही तेच. दहाव्यातही तेच.

मी ती तुटकी टोकं हमीदाच्या टेबलावर ओतली. "स्प्रिंगच आहे गं."

तिने डब्यातून नवी स्प्रिंग काढली, घड्याळात बसवली, माझ्या डोळ्यांसमोर किल्ली दिली. "मोज. एक, दोन, तीन... सात. सात पीळ दिले की ही भरते. घे, धर. आकडा बघ. मोडला?"

नव्हता मोडला.

"सात वर्षं मी हेच करतीय, पमा. दिवाळीआधी कधी तीन-चाराच्या वर मुकी निघाली होती का?"

खरं होतं ते. मी जुनी वही काढून बघितली. दसऱ्याच्या आठवड्यात तीन. दिवाळीनंतर नऊ. मग चौदा. मग वीस. स्प्रिंग त्याच मुंबईच्या दुकानातून येत होती, हात तेच होते. मग दिवाळीत बदललं काय?

मंगळवारचा दिवसही तसाच गेला. मी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते, सगळ्यांच्या हातांकडे बघत होते, आणि मी आले की सगळ्यांचे हात शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखे नीट चालायचे. सुटताना शैला हळूच म्हणाली, "प्रमिलाताई, तुम्ही बघता ना, तेव्हा आम्ही तुमच्याकडे बघतो. घड्याळाकडे नाही."

मग बुधवारी मी बायकांच्या मागे फिरायचं सोडलं. एका घड्याळाच्या मागे लागले. त्या आठवड्यातलं सत्तेचाळिसावं. त्याच्या पोटावर खडूने खूण केली आणि ते जाईल तिथे जवळच स्टूल टाकून वही लिहीत बसले, जसं काही मला दुसरंच काम आहे.

हमीदाने स्प्रिंग बसवली, सात पीळ दिले, पुढे सरकवलं. वाजवून स्प्रिंग रिकामी करायची सोय नव्हती, कारण पहिला आवाज शनिवारचा. म्हणून घड्याळ भरल्या पोटानेच पुढे जायचं.

गोदाक्कांनी हातोडी बसवली. घंटी बसवली. छान. मग घड्याळ उलटं केलं, अंगठा किल्लीवर ठेवला आणि दात आवळून अर्धा पीळ दिला.

"अक्का, हे काय?"

"काय? भरलीय का नीट, ते बघितलं. चूक सर्वांची न्हवं का? म्हटलं, आपल्या बाजूनं कमी नको."

घड्याळ शैलाकडे गेलं. तिने तबकडी पुसली, काठावर रंग दिला, वाळल्यावर पदराने काच पुसली. आणि मग, अगदी हलक्या हाताने, जशी एखाद्याची पाठ थोपटावी तसा किल्लीला पाव पीळ.

मी वहीत लिहिलं : अर्धा, मग पाव.

तीन वाजता साहेबांची फेरी. ते टेबलांमधून चालत आले, सत्तेचाळीस नंबर उचललं, कानाशी धरलं, कौतुकाने मान हलवली. "सुरेख." आणि बोलता बोलता किल्ली फिरवली. उंच माणूस, मोठा हात.

शेवटी घड्याळ माझ्या टेबलावर आलं. काटे सरळ होते. टिकटिक बरोबर. चिठ्ठी लावली. आणि माझा हात, मी न सांगता, किल्लीवर गेला. दिवाळीपासून रोज जात होता. एकदा आपणही बघितलेलं बरं, एवढंच मनात असायचं. अंगठ्याने दाब दिला.

टक्.

बारीकसा आवाज. रोज कितीदा तरी झाला असेल तो, पण शेडच्या गलबल्यात कुणाला ऐकू येणार? त्या दिवशी मी ऐकण्यासाठीच बसले होते, म्हणून ऐकला. किल्ली माझ्या बोटांत नुसती गरागरा फिरायला लागली.

मी हसायला लागले. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला. हमीदा धावत आली. "काय झालं? पमा, डोकं फिरलं का तुझं?"

"चोर सापडला."

"कोण?"

"तू नाहीस. मी. अक्का. शैला. साहेब."

सगळ्या गोळा झाल्या. मी आणखी एक भरलेलं घड्याळ घेतलं आणि सगळ्यांसमोर ओळीने प्रत्येकीला तिचा नेहमीचा पीळ द्यायला लावला. गोदाक्कांनी दिला, शैलाने दिला. साहेबांना केबिनमधून बोलावून आणलं, त्यांनीही दिला. मग मी. टक्.

मग गोदाक्का म्हणाल्या, "म्हंजे आपण समद्यांनी मिळून लेकराला इतकं भरवलं, की बिचाऱ्याचं पोटच फाटलं."

"दिवाळीआधी फक्त हमीदा किल्ली द्यायची," मी म्हणाले. "फळा लागला आणि ती सगळ्यांची झाली."

साहेब फळ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला वाटलं, आता शनिवारपर्यंत थांबायचीही गरज नाही, आत्ताच घरी पाठवतील. पण ते एवढंच म्हणाले, "पुढे काय करायचं ठरवलं आहे, आवटीबाई?"

आवटीबाई! त्याआधी मी नुसती प्रमिला होते.

"किल्ल्या काढायच्या," मी म्हणाले.

गजराची किल्ली मागच्या बाजूने आट्यांची असते, फिरवली की निघून येते. मी सगळ्या किल्ल्या एका बिस्किटांच्या डब्यात गोळा केल्या. हमीदाने दोन पीळ देऊन स्प्रिंग धरते का बघायचं आणि किल्ली काढून ठेवायची. बाकी कुणाच्या हातात किल्ली येणारच नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी एकटीने एकशेवीस किल्ल्या लावायच्या आणि प्रत्येकीला उरलेले पाचच पीळ द्यायचे.

गोदाक्कांना हे लागलं. डब्यात किल्ली टाकताना त्या माझ्याकडे बघेनात. "माझ्या हातावर भरवसा न्हाई म्हण की सरळ."

"अक्का, तुमच्या हातावर मी हातोडी सोपवलीय. हातोडी चुकली तर ती तुमची. त्यात मी बोट घालणार नाही. तुम्हीही माझ्या किल्लीत घालू नका."

त्यांनी विचार केला. "म्हंजे हातोडी माझी?"

"तुमची एकटीची."

"कुणी मधी बोलायचं न्हाई?"

"कुणी नाही. साहेबसुद्धा नाही."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि ताठ चालत आपल्या टेबलाकडे गेल्या. त्या दिवसापासून त्यांच्या हातोड्यांना कुणी हात लावला की त्या वाघिणीसारख्या बघायच्या.

अवघड गेलं ते साहेबांचं. दुपारच्या फेरीत त्यांचे हात आपोआप घड्याळांकडे जायचे. किल्ली नसली तरी उचलायचे, हलवायचे, काटा सरकवायचे. गुरुवारी मी धीर करून म्हणाले, "साहेब, हात मागे."

"काय?"

"हात मागे बांधा. तुम्ही कबूल केलं होतं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. आणि शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात पाठीमागे बांधून त्यांनी उरलेली फेरी पुरी केली. ते केबिनमध्ये गेल्यावर हमीदा टेबलाखाली तोंड घालून हसली.

झालेली साठ घड्याळं पुन्हा उघडली, जास्तीचे पीळ उतरवले, तपासली, बंद केली. शैला भराभर काचा पुसायची आणि गुणगुणायची. जेवणाच्या सुट्टीत गोदाक्कांनी घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या सगळ्यांत वाटल्या. "खा गं पोरींनो, पर मोजून. पोट फाटाया नको." दर पोळीमागे हाच विनोद, आणि दर वेळी आम्ही हसायचो. इतकं काम आणि इतकं हसू एकाच आठवड्यात मी पुन्हा कधी बघितलं नाही.

शुक्रवारी मी एकशेवीस किल्ल्या लावल्या. पाच गुणिले एकशेवीस. अंगठ्याची साल निघाली. हमीदा शेजारी बसून मोजत होती, पण हात मात्र मांडीखाली दाबून. "जात होता गं किल्लीकडं," ती म्हणाली.

शनिवारी कोष्टीसर पावणेदहाला आले. खादीचा कोट, हातात छत्री, चेहरा परीक्षा घ्यायला आल्यासारखा. त्यांनी फळा वाचला. 'यश सर्वांचे, चूक सर्वांची.' खाली खडूने : प्रमिला आवटी.

"या बाई कोण?"

"मी," मी म्हणाले. आवाज कुठून आला कुणास ठाऊक.

"म्हणजे आज काही चुकलं तर मी तुम्हांला बोलायचं?"

"हो सर. मलाच."

"बरं आहे. शाळेत मला हे कधी कळतच नाही, की बोलायचं कुणाला."

दहा वाजले. पहिलं घड्याळ वाजलं, आणि मग सगळी शेड फुटून निघावी तसा आवाज. कोष्टीसरांनी छत्री टाकून दोन्ही हातांनी कान झाकले. आम्ही घंट्यांना बोटं लावत सुटलो. थरथर. थरथर. थरथर. माझी पहिली रांग तोवर सगळी जिवंत होती. पलीकडे शैला वळून माझ्याकडे हसत होती. गोदाक्कांची रांग जिवंत. मी पहिल्या रांगेच्या टोकाला आले, अगदी दाराजवळचं, सगळ्यांत पुढे मांडलेलं घड्याळ.

गार पितळ.

मी ते उचललं आणि टेबलावर पालथं ठेवलं. गजर संपले. एकशेवीसमध्ये एक.

शैलाने टाळी वाजवली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. पाचाची मुभा होती. एकच निघालं. काम मिळाल्यात जमा होतं. पण कोष्टीसर टेबलाशी आले, त्यांनी ते पालथं घड्याळ छत्रीच्या टोकाने दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. "आणि हे?"

"माझं," मी म्हणाले. "किल्ली मी दिली होती. माझ्याकडून एखादा पीळ जास्त गेला असेल."

"तिचं न्हाई," गोदाक्का पुढे आल्या. "हातोडी माझी हाय. तीच अडकली असंल."

"स्प्रिंग मी बसवलीय," हमीदा म्हणाली. "बघू, माझ्याकडे द्या ते."

"मी काच पुसताना जोरात दाबलं असेल," शैला म्हणाली. मागच्या शनिवारी दारामागे लपलेली शैला!

कोष्टीसर आमच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचा तो परीक्षेचा चेहरा हळूहळू सुटला. "अहो, एका मुक्या घड्याळाला इतके आईबाप?"

"थांबा," मागून आवाज आला. इतका हळू की सगळ्या वळल्या.

टिळेकरसाहेब पुढे आले. हात पाठीमागे बांधलेले. मानेपर्यंत लाल झाले होते. "सकाळी मी लवकर आलो. सगळी मांडलेली होती. इतकी छान दिसत होती..." त्यांना पुढचं बोलवेना. "दाराजवळचं एकच उचललं. एकच पीळ दिला. म्हटलं, आपणही एकदा बघितलेलं बरं."

मग गोदाक्कांनी कपाळाला हात लावला, "आरं द्येवा!" आणि सगळी शेड हसायला लागली. हमीदा, शैला, मी. कोष्टीसर तर छत्रीवर टेकून हसत होते. शेवटी साहेबही.

मग ते फळ्याशी गेले. 'मुकी घड्याळे'च्या खाली खडूने लिहिलं : १. 'जबाबदार'खालचं माझं नाव पुसलं नाही. त्याच्या शेजारी कंस केला आणि त्या एका घड्याळापुरतं स्वतःचं नाव लिहिलं. सोमवारी पेंटर आला. माथ्यावरची ओळ गेली. त्याजागी चार रकाने आले. स्प्रिंग, हातोडी, काच-रंग, किल्ली. प्रत्येकापुढे एकेकीचं नाव. मुक्यांचा आकडा पूर्वीसारखाच सगळ्यांचा राहिला, पण आता तो आला की कुठून सुरुवात करायची ते प्रत्येकीला ठाऊक होतं.

नऊशे घड्याळं गेली. कोष्टीसरांनी एक स्वतःसाठी विकत घेतलं, आणि पुढे कितीतरी वर्षं दर दिवाळीला कार्ड पाठवून कळवत राहिले की आपण अजून त्याच्या आधीच उठतो. गोदाक्का त्र्याऐंशी सालापर्यंत कामाला होत्या. शेवटच्या वर्षांत त्यांना ऐकू येईनासं झालं होतं, पण शनिवारी त्या रांगेत उभ्या राहून घंट्यांना बोट लावायच्या आणि सांगायच्या, "वाजतंय बघ, झकास वाजतंय." हमीदाने मिरजेत बाजारपेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान काढलं. आता तिची लेक तिथे बसते आणि आईपेक्षा जास्त बोलते. शैला नवऱ्याबरोबर बेळगावला गेली. तिथे तिने शिवणाचा वर्ग चालवला. पुढे तिच्या वर्गात एकदा गेले तर भिंतीवर फळा, फळ्यावर काजं, गुंड्या, दोरे, आणि प्रत्येकापुढे मुलींची नावं. दोघी नुसत्या हसलो.

बॅटरीची घड्याळं आली आणि एकोणनव्वदला भूपाळी बंद झाली. टिळेकरसाहेब ऐंशी वर्षं जगले. त्यांच्या घरात एक फोटो आहे, कारखान्याच्या दारातला. आम्ही सगळ्या पुढे बसलेल्या आणि साहेब मागे उभे, दोन्ही हात पाठीमागे. त्यांच्या सूनबाई म्हणतात, बाबांना अशीच सवय होती, कुठे गेले तरी हात मागे. मी म्हणते, हो, असते एकेकाला सवय.

मी कारखाना बंद होईपर्यंत तिथेच होते, शेवटची नऊ वर्षं पर्यवेक्षक म्हणून. वडिलांनी पुन्हा कधी आष्ट्याला बोलावलं नाही. ते मुकं घड्याळ साहेबांनी त्याच सोमवारी, मागे स्वतः लिहिलेली चिठ्ठी चिकटवून, मला दिलं. माझ्या कपाटावर आहे. हमीदाने चारदा म्हटलं, आण, दहा मिनिटांत नीट करून देते. मी नेलं नाही.

माझी नात सुट्टीला आली की दर वेळी ते खाली काढते, कानाशी धरते आणि विचारते, "आजी, हे कुणी बिघडवलं?"

मी घड्याळ उलटं करते. मागे चिकटवलेली चिठ्ठी पिवळी पडली आहे, पण साहेबांचं अक्षर अजून ठसठशीत आहे. मी तिच्यापुढे धरते आणि म्हणते, "वाच. खाली सही पण आहे."